गवसणी

आभाळाला गवसणी घालणारे घालोत.
मला एक लिटरच्या बाटलीला घालायची होती,
स्टीलची, एकपदरी,
बुडाशी पोचा आलेली.

हर्षलाची बाटली. सून माझी. वाहतूक शाखेत,
महापे जंक्शन, सकाळची पाळी.
अकरापर्यंत पाणी कोमट होतं, म्हणाली,
बाराला नुसती साखर टाकायची बाकी.
तक्रार नव्हती, भाकरी थापता थापता बोलली.
पण मी एकतीस वर्षं बेलापूर रोडच्या कंपनीत
तापमानं लिहिली आहेत,
आणि निवृत्त माणसाला
एवढं वाक्य वर्षभर पुरतं.

मे महिना, कोपरखैरणे, आमची गच्ची.
चार बाटल्या सारख्याच, त्यासाठी तीन नव्या आणल्या
(हा खर्च घरात कुणाला सांगितलेला नाही).
पाणी एकाच फ्रिजचं, सहा अंश.

पहिलीला नियोप्रीन: काळं, रबरी,
पाणबुडे अंगात घालतात ते कापड. वाशीला साडेतीनशे.
दुसरीला चंदेरी पिशवी, फुग्याफुग्यांची,
माझ्या इन्सुलिनसोबत औषधवाल्याने दिलेली, फुकट.
तिसरीला प्रणीतचा लोकरी मोजा, भिजवून पिळलेला.
चौथी उघडी.
तुलना करायची तर कुणीतरी उघडं लागतंच.

पलीकडच्या गच्चीवरून म्हात्रे:
"काय तांडेल, कुंच्या घालून बसवल्यात,
बारसं कधी?"

आठला सुरुवात. नऊला उघडी चौदा, मोजा तेरा,
चंदेरी अकरा, काळी दहा.
काळी जिंकली असं मी लिहूनही टाकलं, शाईने.
मग टाकीची सावली सरकली
आणि ऊन आलं.

अकराला उघडी एकोणतीस.
काळी बावीस. काळ्याने ऊन पिऊन घेतलं.
चंदेरी अठरा,
तिने आलेलं ऊन म्हात्रेंच्या डोळ्यांत परत केलं.
मोजा पंचवीस, बिचारा.
जालन्याला माझ्या साडूकडे ओलं फडकं
पाण्याला दातावर आणतं.
इथे खाडी. हवा आधीच न्हालेली.
मोजा वाळेचना,
आणि जो वाळत नाही तो गार करत नाही.

एक गोष्ट कागदावर यायला हवी:
यातलं कुणीच गारवा देत नाही.
आहे तो जायला उशीर करतात, बस्स.
दुकानदार हे सांगत नाही.
मीही हर्षलाला सांगितलं नाही.

सावलीत काळी बरी, उन्हात पांढरं बरं.
म्हणून काळीवर माझा लॅबचा कोट चढवला.
कोट म्हणजे त्याची डावी छाती,
खिशासकट, खिशावर माझा नंबर, ४१७,
लाल दोऱ्याचा, आता गुलाबी.
शिवण वाकडी आली. बूच मात्र नीट बसतं.

आठ दिवसांनी विचारलं,
"बाराला किती असतं? अंदाजे?"
"बारापर्यंत राहतंय कुठे, बाबा,
साडेनऊलाच संपतं.
वॉर्डन पितो, एक टेम्पोवाला रोजचा झालाय,
परवा थांब्यावर एक पोटुशी बाई होती.
गार आहे म्हटल्यावर सगळे मागतात."

म्हणजे अकराचा आकडा,
ज्यासाठी मी गच्चीवर मान भाजून घेतली,
तो कुणाला लागलाच नाही.

"पण खिसा छान केलात," ती म्हणाली.
"शिट्टी ठेवते त्यात. पितळी आहे ना,
गार लागते. ओठांना बरं वाटतं."

मी वही उघडली.
खिसा नियोप्रीनच्या बाहेर आहे.
शिट्टी गार लागते
म्हणजे माझ्या गवसणीतून गारवा गळतोय,
बहुधा वाकड्या शिवणीतून.
तारीख घातली, दोष लिहिला.
पुढे 'दुरुस्ती' असा रकाना असतो.

तो रिकामा ठेवला.