बाबांचं माहेर

आईच्या शंभराव्या दिवसाची भांडी
अजून घासायची होती,
तेव्हा शमसिनार आत्या जिना चढून आली.
हातात रिकामी पिशवी.
ती काही बोलली नाही. पिशवी बोलली.

बाबा उठले.
पंचेचाळीस वर्षं या घरात झोपले,
पण उशी कायम दाराकडच्या बाजूला.
ठोकळ्यावरची राख, म्हणतात आमच्याकडे जावयाला,
फुंकर आली की निघाली.
त्यांना फार गोळा करावं लागलं नाही:
पायाने चालवायचं शिवणयंत्र,
होल्याचा पिंजरा, दोन लुंग्या, नमाजाची चटई,
आणि आईचा कंगवा.
तो त्यांनी मामांकडे मागितला.
मागितला.

मामांनी मान हलवली.
दातुक मांगकुतो, आईचा धाकटा भाऊ,
या घरातल्या तांदळाचा, भांडणांचा, लग्नांचा कारभारी,
ज्याच्या नावावर या शिंगांच्या छपराखालची
एक फळीसुद्धा नाही.
"घर आता तुझं," ते मला म्हणाले, "मग तुझ्या मुलीचं.
मी कुंपण. कुंपणाला पीक येत नाही."

ओढ्याकाठचं खाचर
आजीच्या वेळी गहाण पडलं होतं,
छप्पर गळत होतं म्हणून.
चारच कारणांनी जमीन गहाण टाकता येते:
गळतं घर, घरात पडलेलं प्रेत,
वय उलटलेली बिनलग्नाची मुलगी,
नाहीतर कुळाच्या नव्या सरदाराला पदवी द्यायची असेल तर.
विकता तर कशासाठीच येत नाही.
बाबांनी तेवीस वर्षं पायाकुम्बुहच्या बाजारात
दुसऱ्यांच्या शर्टांना गुंड्या लावल्या,
सोन्याची बारा नाणी मोजून खाचर सोडवलं
आणि आईच्या हाती दिलं,
कुणाचा पडलेला रुमाल उचलून द्यावा तसं.
कागद झाला नाही. कुणी मागितलाही नाही.
आज तिथे भात पोटरीला आलाय.

मी विचारलं, सगळ्यांसमोर,
"त्या बारा नाण्यांचं काय?"
मामा सुपारी कातरत राहिले.
"त्या सोन्याचा चिखल झाला केव्हाच.
चिखल कोणी परत मागतं?"
आणि जिन्याच्या तळाशी चपला शोधत बाबा म्हणाले,
"बरोबर बोलतोय तो."

शुक्रवारी मी त्यांना भेटायला गेले,
बांबूत शिजवलेला चिकटभात घेऊन.
दुरूनच एक आवाज ऐकू आला,
कुणीतरी भाच्यांना झापत होतं
पाटाचं पाणी चोरलं म्हणून.
मी पायरीवर थांबले.
हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.
आमच्या घरी बाबा खोकायचेसुद्धा विचारून.
इथे मधल्या खांबाला टेकून बसलेले,
समोर कॉफीच्या पानांचा काढा,
आणि आत्या त्यांना हाक मारते, "बुयुंग!"
म्हणजे पोरा.
एकाहत्तर वर्षांच्या माणसाला.
आमच्याकडे ते सुतान पामेनान होते,
लग्नात चिकटवलेलं भारदस्त नाव,
जे आईने एकदाही पूर्ण उच्चारलं नाही.

या घराच्या जमिनीचा त्यांना बांध न् बांध पाठ.
त्यांच्या नावावर इथेही काही नाही.

भात खाताना त्यांनी एवढंच विचारलं,
"दालचिनीला आळी केलीस?"
मागच्या वर्षी आमच्या उतारावर
साठ रोपं लावली त्यांनी.
साल सोलण्याजोगी व्हायला दहा-बारा वर्षं लागतात.
मी हो म्हटलं. केली नव्हती.

परतले तेव्हा सिंगालांगवर ढग टेकलेले.
अफ्दाल चटई काखेत मारून
सुराऊत झोपायला निघाला होता.
अकराचा झाला, मिसरूड फुटायचं आहे अजून.
मोठ्या झालेल्या मुलग्यांना इथे खोली नसते.
मी म्हटलं, आज राहा घरी.
त्याने सातही दारांकडे पाहिलं,
मावशीचं, मावसबहिणींचं, माझं, धाकटीचं,
आणि अगदी सहज विचारलं,
"कुठे?"

बाहेर उतारावर काळोख पडला होता.
मी कंदील आणि कुदळ घेतली.