बिबडे

जुन्या धोतरावर, धाब्यावर,
कोकिळाबाईंनी मंगळवारी सकाळी बिबडे घातले.
बुधवारी संध्याकाळी ते तिथेच.
आमच्या फैजपुरात वैशाखात
एखाद वेळ माणूस उन्हात विसरला जाईल,
बिबडे नाही.

कडा वळलेल्या. एक कावळा
घाई नसल्यासारखा खात होता.

मी दार वाजवलं.
आतून कूलरचा आवाज, मग बाईंचा, अगदी हळू:
"जाय माय तू. मी अटकेत हाये."

कोणाच्या? कडी तर आतून होती.

पस्तीस वर्षं नर्सबाई. सातपुड्याच्या पायथ्याशी
कंदिलावर बाळंतपणं केलेली,
लसीला नाही म्हणणाऱ्या सरपंचाला
भर चावडीत झापलेली बाई
मिठाच्या बरणीला टेकवलेल्या मोबाईलसमोर
तीस तास ताठ बसली होती.
पडद्यावर खाकी, मागे झेंडा.
तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय.
हलायचं नाही. कोणाला बोललात तर मुलालाही उचलू.

"संडासला जायची परवानगी मागितली मी त्याला,"
बाई नंतर म्हणाल्या.
"अन् त्यानं दिली तर थँक्यू म्हणले."

एफडी मोडायला बँकेत गेल्या तेव्हाही
मोबाईल पिशवीत, चालूच.
मॅनेजर म्हणाला, पोराच्या फ्लॅटसाठी का?
बाई हो म्हणाल्या.

मी धाब्यावरून आतला जिना उतरले.
फोन उचलला.
"तू कौन है?" साहेबाने विचारलं.
मला काही सुचेना. म्हटलं, "शेजारीण."
एवढ्यावर त्याने फोन ठेवला.

मग गाव आलं.
मयताला येतं तसं, चपला उंबऱ्याबाहेर मावेनात,
पण डोळे कोणाचेच ओले नाहीत.
किती? अकरा लाख चाळीस.
"एवढी शिकेल बाई, अन् अशी कशी फसली वं?"
चिंधूअण्णा म्हणाले, मी असतो तर
दोन शिव्या हाणून फोन बंद केला असता.
पोरगा पुण्याहून म्हणाला,
आई, आता बटणांचाच फोन वापर.
शाळेत जागृतीचा कार्यक्रम झाला,
बॅनरवर सायबरचं 'सायंबर' छापलेलं.
पाहुण्यांना शाल, नारळ.
बाईंना कोणी बोलावलं नाही.

ते बिबडे आम्ही दोघींनी तळून खाल्ले.
जरा कडवट लागले.

जळगावच्या ठाण्यात हवालदार तडवी. भला माणूस.
म्हणाला, पैसे सात खात्यांत फुटलेत.
पहिलं खातं आपल्याच जिल्ह्यातलं, चोपड्याकडचं,
एकवीस वर्षांचं पोरगं,
पासबुक अन् सिम आठ हजाराला भाड्यानं दिलेलं.
बाईंनी त्याचं गाव विचारलं. मग आईचं नाव.
मग बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या.
एसटीत मी विचारलं, ओळखीचं आहे का?
"त्या साली पावणेदोनशे पोरं काढली मी तिकडं.
सगळ्यांची तोंडं सारखीच असतात वं, ओली."
यावल येईपर्यंत मग खिडकीबाहेर केळीच केळी.

शुक्रवारी लाईट गेलेली असताना
चिंधूअण्णा मागच्या दाराने आले.
वीजबिल थकलं म्हणून मेसेज, एक लिंक, बेचाळीस हजार.
गेल्या दिवाळीतली गोष्ट.
घरात अजून माहीत नाही.
दोन दिवसांनी बोरोल्यांची सून. कर्जाचं ॲप.
तिच्या फोटोचं त्यांनी काय केलं
ते तिने सांगितलं नाही,
पदर तेवढा ओढून घेतला.
मग गॅरेजवाला. मग, कोणाला वाटलं नसतं,
कार्यक्रमातले ते शालवाले पाहुणे.

बाईंनी लसीकरणाचं जुनं रजिस्टर काढलं.
कोऱ्या पानांवर नवे रकाने आखले.
नाव. तारीख. रक्कम. कोणाला सांगितलं?
तो शेवटचा रकाना वाचत खाली जावं:
कोणाला नाही.
कोणाला नाही.
कोणालाच नाही.

पहिली ओळ बाईंची स्वतःची.
फिरके कोकिळा प्रल्हाद, वय सदुसष्ट.
शेवटच्या रकान्यात, त्या गिचमिड नर्सच्या अक्षरात:
शेजारणीला. दाराआडून. उशिरा.