मागची बाजू

त्बिलिसीच्या एलियावा बाजारात
नळाच्या तोट्या, गाड्यांचे सुटे आरसे ओलांडले
की पत्र्याच्या तिसऱ्या गाळ्यात नाझिब्रोला बसते,
मांडीवर शाल, शालीवर मदरबोर्ड.
गिऱ्हाइकं विचारतात, प्रोसेसर कुठला चालेल, रॅम किती.
ती बोर्ड फिरवते.
"आधी मागची बाजू."

बैलाचे दात बघावेत तसं
चोवीस पिनांच्या सॉकेटावर भिंग धरते.
एक भोक कडेनं तपकिरी.
"इथं तापलंय. हलका पॉवर सप्लाय लावून
कुणीतरी जड कामं करून घेतलीत याच्याकडून."
वहीत लिहिते : चालेल. जपून.

यूएसबी सहा.
दोन सैल, पेनड्राइव्ह आत जातो आणि मान टाकतो.
एकाची निळी जीभ तुटलेली.
लॅनचा हिरवा दिवा लागतो,
पण क्लिप धरत नाही, वायर हातानं दाबून बसावं लागेल.
आवाजाच्या तीन भोकांतलं गुलाबी मुकं.
"याला ऐकवता येतं, आपलं ऐकून घेता येत नाही.
असला नवरा होता मला,"
आणि पाच लारी वजा करते.

मग ते जांभळं, गोल, जुन्या वळणाचं,
कीबोर्डचं.
कोरं करकरीत. एक ओरखडा नाही.
मी म्हटलं, याला तरी पैकीच्या पैकी द्या, मावशी.
तिनं प्रश्नचिन्ह काढलं.
"इथं कुणी आलंच नाही.
याला धड म्हणत नाहीत, पोरा,
याला ठाऊक नाही म्हणतात."

रुस्तावीच्या टेलिफोन एक्स्चेंजात बावीस वर्षं
दोन्ही हातांत दोऱ्या घेऊन बसायची ती.
डावा कान तिथंच ठेवून आली.
अजून कुठलाही कनेक्टर बसवताना
उजवा कान खाली नेते.
टक्.
टक् आला नाही तर बोटांवर विश्वास ठेवत नाही.

"दर गुरुवारी एक जण झुग्दिदीचा नंबर मागायचा.
तिकडे घंटा वाजायची, वाजायची.
उचलायचं कुणी नाही.
बाकीच्या मुली त्याला सांगायच्या, लाइन खराब आहे.
मी नाही सांगितलं कधी.
लाइन चांगली होती."

एवढं बोलून तिनं फॅनच्या पिना मोजल्या,
एक वाकडी होती, टूथपिकनं सरळ केली,
त्याचे पैसे लावले नाहीत.

चाळीस लारी म्हणाली. मी तीस म्हटलं.
तिनं बोर्ड परत शालीत गुंडाळायला घेतला.
सदतीस.
वर्तमानपत्रात बांधून दिलं, बॅटरी नवी घाल म्हणाली,
याचं घड्याळ दोन हजार नऊमध्ये अडकलंय.

गाळ्याच्या पायरीवरून मी परत वळलो.
गोल पिनेचा कीबोर्ड आहे का कुठे?
तिनं बाकाखाली पाय घातला,
पायानंच खोका ओढला.
पिवळा पडलेला, रशियन अक्षरांचा, एंटरची कळ गायब.
"तीन लारी.
लागला तर येऊन सांग.
नाही लागला तरी ये."

आणि वही मिटली नाही.
त्या पानावर पेन्सिल आडवी ठेवून
पुढच्या माणसाला म्हणाली,
"फिरव."