हिरवी वायर

गिझर बसवला त्या दिवशी टॉर्च बाईंनीच धरला होता.
कन्नमवार नगर, तिसरा मजला, बाथरूम एवढंसं,
त्यात आम्ही दोघं आणि स्टूल.
"रंगनाथ, ही हिरवी कशाला?"
म्हटलं, ही रोज काही काम करत नाही बाई,
नुसती बसून असते.
एखाद्या दिवशी करंट वाट चुकला
तर त्याला गुपचूप जमिनीत नेऊन सोडते.
हसल्या. "म्हणजे माझ्यासारखीच की."
टेलिफोन खात्यात तीस वर्षं, लग्न नाही,
भाऊ-भावजयीला धरून राहिलेली बाई.
साडेसहाशे दिले, वर चहाचे वीस,
आणि वहीत लिहून ठेवलं.

नवव्या दिवशी पहाटे अनसूया कोरगावकर आंघोळीला गेल्या.
भाऊ म्हणाला, शॉक लागला.
भावजय म्हणाली, शॉकच.
हवालदारानं लिहिलं, अपघाती मृत्यू,
आणि त्याखाली माझं नाव, मोबाइल नंबरासकट.

मला दुकानातून उचललं.
टेस्टर, पक्कड, टेप, सगळं पिशवीत,
पिशवीच्या तोंडाला लाख.
राजावाडीहून कागद आला: उजव्या तळहाताला जळल्याची खूण.
मूठ आवळलेली होती म्हणे.
असणारच. करंट हात सोडवत नाही, वळवतो.
म्हणून आम्ही कुठल्याही नळाला आधी पालथा हात लावतो,
आखडला तरी आपल्याकडेच येतो.
हे बाईंना सांगायचं राहून गेलं.

फौजदार तडवी मॅडम. वयानं लहान, बोलणं कमी.
मला परत त्या बाथरूममध्ये उभं केलं.
मेन बंद. "उघड."
प्लग उघडला तर हिरवी वायर
लालच्या घरात,
एकाच स्क्रूखाली दोघी, सख्ख्या भावंडांसारख्या.

रडलो नाही, पाया पडलो नाही. एवढंच म्हणालो,
मॅडम, वायर मी दातांनी सोलतो.
तोंड उघडून दाखवलं. पुढचा दात अर्धा तुटका,
माझ्या प्रत्येक वायरीवर एक ओरखडा राहतोच.
ही बघा. ब्लेडनं कापलेली, स्वच्छ.

बराच वेळ त्या वायरीकडे बघत राहिल्या.
मग वही मागवली.
तारीख, साडेसहाशे अधिक वीस, आणि पुढे
"हिरवी वायर वेगळी जोडली. मी पाहिली."
त्याच पानावर, चार ओळी खाली:
"यशवंत रीडेव्हलपमेंटचे कागद घेऊन पुन्हा आला.
सही केली नाही. खोली माझ्या नावावर आहे, असू दे."

भावाला नेलं तेव्हा तो दारात चपला शोधत होता.
भावजय म्हणाली, दूध उतू जाईल,
आणि आत गेली.

केस सेशनला आहे. तारखा पडतात.
त्यांचा वकील विचारतो, दातांनी वायर सोलणाऱ्याला
वायरमन कोणी म्हणायचं?
खरंय. लायसन्स नाही माझ्याकडे.
कॉलनीतलं काम निम्म्यावर आलंय.
लोक म्हणतात, रंगनाथ सुटला.
सुटला म्हणजे अडकण्यासारखं काहीतरी असणार,
असा त्यांचा हिशेब.

टेस्टर अजून मुद्देमालात पडलाय.
नवा घेतला, बरोबर पेटतो.
तरी रात्री घरी आलो की
स्वतःच्या दाराच्या कडीला
आधी पालथा हात लावतो,
मग मूठ.