वायसर

ताम्पेरे शहराच्या पाणीखात्यात
तक्रारींच्या टेबलावर बसते मी, एकोणीस वर्षं,
आणि माझ्याच स्वयंपाकघरातला नळ
जूनपासून गळतोय.
दिव्याखाली अंधार, तसा
हा नळाखालचा टोप.
रात्रभर भरतो. सकाळी तो जिरॅनियमला ओतते
आणि स्वतःला सांगते, वाया कुठे जातंय!

आज एक गृहस्थ फोनवर. चाळीस मिनिटं.
मीटर खोटं बोलतंय, बाई.
मीटरला खोटं बोलता येत नाही हो,
तेवढी अक्कल कुणी घातलेली नाही त्यात,
असं मी म्हणाले नाही.
म्हणाले, घरात माणसं किती?
तो थांबला. मग म्हणाला, एप्रिलपर्यंत दोन.
बिल मात्र अजून दोघांचंच येतंय.

मी म्हटलं, उरलेली कॉफी आहे का सकाळची?
संडासाच्या टाकीत ओता. फ्लश करू नका. थांबू आपण.
थांबलो. त्याने मला
बायकोच्या सुरमईसारख्या मोठ्या कुठल्याशा माशाची गोष्ट सांगितली,
जो तिने पकडला आणि नंतर सोडून दिला.
मग लांबून, फरशीवरून हाक आल्यासारखा आवाज:
खाली तपकिरी उतरलंय!
इतका आनंद, जणू घरात कुणी सापडलं.

तीन वाजता ओत्सोने बोलावलं. आता साहेब आहे तो,
माझ्या मुलाच्या वर्गात होता,
त्याचं शेंबडं नाक मीच पुसलंय एकदा, स्केटिंगला.
म्हणाला, सरासरी सहा मिनिटं हवीत, तुझं नाव लाल आहे.
तक्ता दाखवला. खरंच लाल होतं.
मी हो म्हटलं. हो म्हणायला चार सेकंद लागतात,
ती तरी धरा सरासरीत.

फ्रिजवर यादी आहे.
गाडीला हिवाळी टायर. तळघराच्या जाळीतून वर आणायचेत.
दातांचा डॉक्टर.
हेल्व्हीबाईंचा केकचा साचा परत, त्या विचारायच्या आत
(त्यांनी दोनदा विचारलंय).
आणि ती चिंध्यांची सतरंजी,
जी जुलैत तळ्याच्या धक्क्यावर नेऊन
पाईनच्या साबणाने घासायची असते सगळ्यांनी.
म्हणीतलं घोंगडं निदान भिजत तरी पडलेलं असतं.
माझं दाराआड गुंडाळून उभं आहे, कोरडं ठाक,
येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत.

यादीत नाही ते टेबलावर आहे.
कान्तेले. पाच तारांचं, मांडीवर मावेल एवढं.
बुधवारच्या वर्गात दुसरा हिवाळा चाललाय त्याचा.
पोट आल्डरचं, वरची फळी स्प्रूसची,
रंधा मारून मारून इतकी पातळ केली
की दिव्यासमोर धरली तर बोटं लाल दिसतात.
हे लाल मला चालतं.
वेइयो मास्तर फार बोलत नाहीत. फळीवर टिचकी मारतात,
कान लावतात, म्हणतात, अजून. किंवा म्हणतात, बास.
कुणी माझ्याशी कामाबद्दल
इतकं स्वच्छ कधी बोललेलं नाही.

आज तारा चढवल्या. चार बोलल्या.
तिसरी मात्र गुणगुणते, काचेवर अडकलेल्या माशीसारखी,
सूर लागतो आणि त्याच्या शेपटीला ही करकर.
खुंटी पिळली, सैल केली, शिवी दिली.
तारा बांधलेला लोखंडी गज
लाकडावर नीट बसत नाहीये, बारीकशी फट.
काहीतरी हवं मधे. मऊ. गोल नसलं तरी चालेल.

तेव्हा खण उघडला.
खणात वायसर होते. तीन.
एक जूनमधला, एक ऑगस्टमधला,
एक आजच येताना घेतलेला, पावतीसकट,
कारण पहिले दोन घेतलेत हे
मी पुन्हा विसरले होते.

जूनमधला कापला. नखाएवढा तुकडा
गजाखाली सरकवला, कालथ्याच्या टोकाने.
तार छेडली.

नळ टोपात पडत राहिला. मी वाट पाहिली त्याची,
एका थेंबानंतर एक तार, मग थेंब,
मग दोन तारा; मधेच मी चुकले, तो चुकला नाही.

खिडकीबाहेर केव्हापासून बर्फ पडत होता कोण जाणे.
गाडी खाली उन्हाळी टायरवर उभी, टोपी विसरून आलेल्या माणसासारखी.
उद्या ट्रामने जाईन.
पेन घेऊन फ्रिजपाशी गेले,
यादीत खोडण्यासारखं काहीच सापडेना,
म्हणून खाली आधी लिहिलं, वायसर बसवणे,
आणि मग खोडलं.