ढीग पलटण्याआधी

सफील्डच्या गोदामात माझं काम एवढंच :
पानांच्या ढिगात लांब थर्मामीटर खुपसायचा
आणि वहीत आकडा लिहायचा.

आज एकशे बारा.
बाहेर कनेक्टिकट नदी काठाकाठानं गोठलेली,
आत कुणी काडीसुद्धा ओढलेली नाही,
तरी ढीग तापलाय
आजारी पोराच्या पोटासारखा.

एकशे पंधराला पलटायचा, फिदेन्सिओ म्हणतो.
तो आकडा बघत नाही.
कोपरापर्यंत हात घालतो, डोळे मिटतो, सांगतो.
चाळीस वर्षांत एकदाच चुकला म्हणे,
बायकोच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी.
(दिवस मी मोजले. त्यांच्यात मोजत नाहीत.)

सिगारेटचं पान भट्टीत आठवड्याभरात सुकतं,
पिवळंधमक,
साखर आतल्या आत अडकून राहते.
विडीचं मला कुणी सांगायला नको :
निपाणीचं ऊन, रानभर पसरलेला चुरा,
आईच्या पदराला, भाकरीला,
माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला
एकच ठसका.

या पानाला मात्र कुणी घाई केली नाही.
शेडच्या उभ्या फळ्या हवा बघून उघडल्या, मिटल्या,
दीड-दोन महिने त्याला टांगून
सावकाश मरू दिलं.
मरता मरता त्यानं आपली साखर आपणच खाल्ली.
मग पाणी शिंपडून ही रास,
वरच्याचं ओझं खालच्यावर,
आणि ऊब सगळ्यांची मिळून.

आता त्यातून अमोनिया निघतो.
डोळे चुरचुरतात, नाक वाहतं.
नवीन आलेल्या पोरीला वाटलं, मी रडतेय.
मी तिला तसंच वाटू दिलं.

फिदेन्सिओच्या भाषेत पानांना घाम येतो.
मी म्हटलं, आमच्यात मुरतं म्हणतात.
मुर्ता, तो म्हणाला. म्हणजे?
मला सांगता येईना.
दुसऱ्या दिवशी डब्यातून कैरीची एक फोड नेली.
त्यानं ती जिभेवर ठेवली,
बराच वेळ बोलला नाही,
मग मातकट बोटांनी बरणीएवढा आकार करून विचारलं,
किती दिवसांचं?
गेल्या मे महिन्यातलं.
त्यानं मान हलवली,
चांगल्या पानाला हलवतो तशी.

आम्ही दोघंही ओढत नाही.
त्याला डॉक्टरनं बंदी केली,
मला आईच्या खोकल्यानं.
पण लाकूड, कोको, ओली माती, चामडं,
हे जे हजार मैलांवरचा कुणी
खुर्चीत रेलून जिभेवर शोधणार आहे,
ते आधी इथं आमच्या नाकातून जातं,
फुकट.

आज थर्मामीटर बाजूला ठेवला.
बाही वर सारली, हात घातला.
आधी ओल. मग ऊब.
मग खूप आत, कोपराच्याही पुढे,
कुणीतरी हात धरावा तसं काहीतरी.

किती? फिदेन्सिओनं विचारलं.
एकशे चौदा, मी म्हटलं.

त्यानं थर्मामीटर खुपसला, चष्मा शोधला,
वाचलं, आणि काहीच न सांगता
तो डबा आणायला गेला.
जेवून घेऊ, म्हणाला,
अजून वेळ आहे.