काऊनखालची रेघ

अकरा वर्षं मी हा शुद्धलेखन तपासनीस सांभाळतोय.
फुकट आहे, उघडा आहे, ज्याला हवं त्यानं आत डोकवावं,
स्क्रू ढिले करावेत, परत कसावेत,
असं पहिल्याच पानावर मी लिहून ठेवलंय.
लिहिताना सोपं असतं.

मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
कूलरच्या टाकीतलं पाणी संपलेलं,
वाळ्यातून नुसती गरम हवा.
आणि मानेवाड्याहून करुणा डोंगरवारचं पत्र:
"नियम चाळीस नेटका लिहिलाय, चालतोही भरभर.
पण तो 'जाऊन राहिलो'ला चूक म्हणतो.
लाखनीपासून बुटीबोरीपर्यंत माणसं चुकून जात नाहीत,
जाऊनच राहतात.
नियम बदलावा असं मला वाटतं. कारणं खाली दिली आहेत."

कारणं मी वाचलीच नाहीत.
'अकरा वर्षं' हेच माझं कारण होतं.
दोन बोटांनी बडवत लिहिलं:
प्रमाण म्हणजे काय ते आधी शिका,
इथं आम्ही रात्र रात्र जागतो,
काऊन उगाच डोकं खाऊन राहिल्या तुम्ही?

आणि पडद्यावर, माझ्याच रागाखाली,
मीच लिहिलेल्या नियमानं
लाल रेघ ओढली.
काऊनखाली छोटी.
खाऊन राहिल्याखाली चांगली लांब.

संतापलो की मी कुठल्या भाषेत येतो
हे माझ्या यंत्राला माझ्याआधी कळलं.

उठलो. टाकीत दोन बादल्या ओतल्या.
बाबांचा माग आठवला, गोळीबार चौकातला.
लुगडं उतरलं की नंदनवारकाका येऊन बोट ठेवायचे:
"इथं धागा सुटला."
"तू सोडला" असं नाही म्हणायचे.
बाबा कधी मान हलवायचे, कधी भांडायचे,
सुटला नाही, तो असाच घ्यायचा असतो म्हणून.
मग दोघं त्या धाग्यावर वाकून बसायचे.
एकमेकांकडे बघायला वेळच नसायचा.

लिहिलेलं पुसलं. कारणं वाचली.
सहापैकी चार पटली.
दोन नाही पटली, ती का नाही ते सावकाश लिहिलं.

रविवारी भेटलो, धरमपेठेत, पोह्याच्या गाडीवर.
तिला तर्री जास्त, मला बेताची.
म्हटलं, लाल नको, खाली निळे ठिपके देऊ, 'बोली' म्हणून.
ती म्हणाली, सर, निळी झाली तरी रेघच ना ती.
कुणाच्या बोलण्याखाली ओढायची हे कोण ठरवणार?
मी म्हटलं, आणि परीक्षेला बसलेल्या पोरानं काय करायचं?
तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिनं तसं सांगितलं.
माझ्याकडेही तिच्या प्रश्नाला नव्हतं.
मी सांगायला जरा वेळ लावला.
तोवर पोहे गार.

शेवटी तिनं फाटा काढला.
माझं सगळं घेऊन, नियम चाळीस वगळून,
आणि वर माझं नाव तसंच ठेवून.
खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.
लोक विचारायचे, काय, बिनसलं का?
बुटीबोरीला रस्ता फुटतो,
एक वर्ध्याकडे जातो, एक चंद्रपूरकडे,
त्यांचं बिनसलं का असं कुणी विचारत नाही,
एवढं मी म्हणायचो,
आणि म्हणताना स्वतःलाच समजावत असायचो.

काल तिच्या फाट्यात एक चूक दिसली.
मला आनंद झाला. तो आधी जिरू दिला.
मग लिहिलं: ओळ सत्त्याऐंशी.
इथं धागा सुटलाय असं वाटतं. खात्री नाही. तपासून बघा.

पाच मिनिटांत उत्तर:
"पाहून राहिली."

माझ्या पडद्यावर त्या दोन शब्दांखाली
लाल रेघ आहे अजून.